‘सिक्वेली’ म्हणजे टीबी परत आला असं नाही



अमळनेरच्या आपल्या वस्तीतली एक ताई एक्स-रेचा रिपोर्ट घेऊन आली. तीन वर्षांपूर्वी तिने टीबीच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला होता. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘पोस्ट ट्यूबरक्युलर सिक्वेली’. घरच्यांना त्यातलं टीबी तेवढं कळलं आणि त्यांनी तिचं ताट वेगळं केलं.

‘सिक्वेली’ हा शब्द लॅटिन भाषेतला. अर्थ, मागून येणारं. सिनेमाचा ‘सिक्वेल’ त्याच कुळातला. डॉक्टरी भाषेत आजार बरा झाल्यावर शरीरात जे मागे उरतं, ते सिक्वेली. भाजल्याची जखम भरते, पण वण राहतो. पोलिओ होऊन जातो, पण पाय बारीक राहतो. तसेच टीबीचे जंतू औषधाने मरतात, फुफ्फुसावर मात्र वण राहू शकतो. त्यामुळे काहींना जिना चढताना दम लागतो, खोकला रेंगाळतो.

या वणापासून कुणालाही लागण होत नाही. चालू टीबीसुद्धा खोकल्यातून, हवेवाटे पसरतो; ताटवाटीतून नाही.

पण म्हणून गाफील राहू नका. टीबी पुन्हा होऊ शकतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर थुंकी तपासून घ्या. वण जुना की आजार नवा, हे नुसत्या एक्स-रेवरून दर वेळी कळत नाही. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि टीबीचं औषध मोफत आहे. जुन्या उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नका. कोर्स संपल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी दाखवून या. बिडी सोडा, चुलीच्या धुरापासून जपा.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना न लाजता दोन प्रश्न विचारा: हा जुना वण आहे की आजार चालू आहे? थुंकी तपासायची का?

ताईच्या थुंकीत जंतू निघाले नाहीत. वेगळं ताट, वेगळं पाणी काय असतं, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगलंय. त्याविरुद्धच १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते वेगळं ताट आपल्याच घरात, आपल्याच लेकीपुढे नको.