दुकान हॅरोत, दार मोबाइलवर

हॅरोच्या स्टेशन रोडवर उभा असलेला ग्राहक जवळचे दुकान शोधतो ते हातातील मोबाइलवर. अनेक लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे मात्र अजूनही संगणकाच्या रुंद पडद्यासाठीच रचलेली असतात. याचा फटका दुहेरी आहे. वाचताना कंटाळलेला ग्राहक निघून जातो. शिवाय गूगलने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार शोधक्रमासाठी संकेतस्थळाची मोबाइल आवृत्तीच विचारात घेतली जाते. तेथे गाळलेला मजकूर गूगलच्याही हिशेबात नसतो.

उपाय खर्चिक नाहीत. पडद्याच्या रुंदीनुसार जुळणारी एकच मांडणी ठेवावी. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, यासाठी छायाचित्रे हलकी करावीत. दरपत्रक चित्रात न ठेवता अक्षरांत द्यावे. दूरध्वनी क्रमांक बोट लावताच जोडला जावा. पहिली चाचणी मालकानेच घ्यावी: वायफाय बंद करून, स्वतःच्या मोबाइलवर.