प्रदक्षिणेआधीची तीन वर्षं

भारतीय नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. हे नऊ महिने नौदलाच्या इतिहासात नोंदले गेले. माझ्या मते मात्र या सफरीचा निकाल आधीच्या तीन वर्षांत लागला होता. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींच्या या सफरीच्या कल्पनेला दोंद्यांनी २००६ मध्ये होकार दिला, तेव्हा नौकाच नव्हती. ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात लाकूड आणि फायबरग्लासची बांधली गेली आणि दोंदे त्या कामात पहिल्यापासून गुंतले. फेब्रुवारी २००९ मध्ये नौका हाती आल्यावर त्यांनी आधी मॉरिशस गाठलं आणि तिथून परतीची वाट एकट्याने कापली. ज्याच्या डोळ्यांदेखत प्रत्येक पंप, तार आणि झडप बसली, त्याला भर समुद्रात, मध्यरात्री बिघाड कुठे असेल हे चाचपडावं लागत नाही.

दोंदे ज्यांच्याकडे शिकायला गेले, त्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचा दाखलाही हेच सांगतो. त्यांची सागवानी ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली. तीच त्यांनी आधी इंग्लंडपर्यंत नेली होती. १९६८ मध्ये ते तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. अटलांटिकात तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, तेव्हा पाण्याखाली बुडी मारून त्यांनी सांध्यात कापूस ठोकला आणि वर पट्टी खिळली. एप्रिल १९६९ मध्ये, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता ते परतले.

यावर आक्षेप येईल की समुद्र तयारीला जुमानत नाही. ते खरंच आहे. ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यातच बांधलेल्या ‘थुरिया’ची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात मोडली आणि तिच्यातून एकट्याने प्रदक्षिणेला निघालेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. पण नौका तरंगत राहिली, म्हणून मदत येईपर्यंत त्यांना आत पडून राहता आलं. तयारीने वादळ टळत नाही. वादळानंतर माणूस उरण्याची शक्यता वाढते. त्याच वर्षी ‘तारिणी’ या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी सुकाणूत बिघाड होताच मॉरिशसला वळून दुरुस्ती करून घेतली. घर जवळ आलेलं असताना असं थांबणं हीसुद्धा देखभालच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे सारं नौदलाला परवडतं, नंदुरबारच्या नावाड्याला नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांना नाव हाच रस्ता झाला आहे. २०१९ च्या संक्रांतीला भुशाजवळ माणसांनी भरलेली नाव उलटून काहींचे जीव गेले. किती माणसं बसवायची हे किनाऱ्यावरच ठरवणं हाही तयारीचाच भाग होता. पावसाळ्याआधी नाव पाण्याबाहेर काढून तळ पाहणं, इंजिन खोलणं, प्रवाशांचा आकडा नावेवर रंगवणं, यांना जगप्रदक्षिणेचा खर्च लागत नाही. अडचण वेगळीच आहे: गावची एकुलती नाव आठवडाभर काठावर राहिली, तर बाजार आणि दवाखाना दोन्ही तुटतात. म्हणून तपासणीच्या सक्तीआधी प्रशासनाने त्या आठवड्यापुरती बदली नाव द्यायला हवी.