टिपणांची लिपी आणि टिपणांचे घर

मुक्त स्रोत साधन म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि बदलता येते असे साधन. वैयक्तिक टिपणांसाठी असे साधन निवडून ते एखाद्या कंपनीच्या यंत्रणेवर नव्हे, तर घरच्याच संगणकावर चालवणे आता सामान्य अभ्यासकाच्याही आवाक्यात आले आहे. परंतु या साधनांची तुलना बहुधा सोयींवरून केली जाते आणि टिपण नेमके कोणत्या स्वरूपात साठते, हा खरा पहिला प्रश्न मागे राहतो.

विदर्भाला हा प्रश्न नवा नाही, हे तिथल्या महानुभाव पंथाच्या ग्रंथांवरून दिसते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांकडून गोळा केल्या, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या आणि आजच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरेनुसार पुढे एका धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि त्यातून पाठभेद निर्माण झाले. पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले. त्यात एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह येते, आणि ही किल्ली पंथाबाहेर ठाऊक नसल्यामुळे आद्य मराठी गद्याचा हा ठेवा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना वाचता आला नाही.

पंथाची गुप्तता हेतुपूर्वक होती. संगणकावरील मराठीच्या वाट्याला मात्र तशीच स्थिती नकळत आली. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी टंकलेल्या बऱ्याचशा मराठी मजकुरात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठत आणि विशिष्ट फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देई; तो फॉन्ट नसला की मजकुराचा अर्थहीन अक्षरपुंज होतो. जुनी टिपणे नव्या साधनात नेण्यापूर्वी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

नव्या टिपणांसाठी २००४ मध्ये जॉन ग्रूबर यांनी प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही पद्धत उपयुक्त आहे. तिच्यात मजकूर साधाच राहतो, शीर्षके व याद्या दाखवायला साधी चिन्हे पुरतात, आणि अशी फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडते. जॉपलिन हे मुक्त स्रोत साधन टिपणे आपल्या अंतर्गत विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, ठेवते, पण ती मार्कडाउनमध्ये बाहेर काढू देते. ऑब्सिडियन मुक्त स्रोत नाही, तरी त्याच्या फाइली साध्या मार्कडाउनच्याच असतात. त्यामुळे कंपनी उद्या बंद पडली तरी टिपणे वाचता येतील, आणि हा गुण परवान्याच्या नावापेक्षा कमी मोलाचा मानू नये.

घरच्या यंत्रणेसाठी नेक्स्टक्लाउड हे फाइली साठवणारे मुक्त स्रोत साधन जुन्या संगणकावरही चालते, आणि त्यामार्फत जॉपलिनची टिपणे मोबाइल व संगणकावर सारखी ठेवता येतात. ज्यांना तेवढी देखभाल नको, त्यांच्यासाठी सिंकथिंग पुरेसे आहे. ते मध्यवर्ती संगणकाविना दोन उपकरणांतील फाइली थेट जुळवते. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, बंद कपाटात ठेवलेला संगणक तापतो आणि कूलरच्या दमट झोतात ठेवलेला गंजतो, म्हणून जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. वीज अचानक गेल्यास विदागार बिघडू नये यासाठी यूपीएस हवा.

घरी ठेवलेली एकुलती एक प्रत मात्र ऋद्धिपूरच्या पोथीइतकीच असुरक्षित असते. सिंकथिंगसारखी जुळवणी ही राखीव प्रत नव्हे, कारण एका ठिकाणी चुकून पुसलेले टिपण दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. स्वतंत्र हार्ड डिस्कवरची प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि ती तिथल्या संगणकावर वर्षातून एकदा तरी उघडून पाहावी. टिपणे कूटबद्ध केली असतील, तर त्यांचा संकेतशब्द कागदावर लिहून घरातील एका विश्वासू माणसाकडे द्यावा, कारण तो हरवल्यास साधनाच्या निर्मात्यालाही ती टिपणे उघडता येत नाहीत.