शेजारच्या मापाने शिवलेली ईद

गेल्या ईदच्या आठवडाभर आधी नागपूरच्या नातेवाइकांच्या मुलांचे शेरवानीतले फोटो मोबाईलवर आले. आमची मुले हिरमुसली. खरे सांगायचे तर आम्ही दोघेही हिरमुसलो. फोटो येण्याआधी घरात काही कमी नव्हते; पाच मिनिटांत सगळेच कमी वाटू लागले. मोठीच्या कॉलेज प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांकडे हात गेला.

त्या रात्री आम्हाला आपल्या सावलीचाच इतिहास आठवला. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथे भरले, गांधीजी इथे आले. तेव्हा सावली खादीचे केंद्र होते. धानाचा हंगाम सरला की हात रिकामे होत. त्याच हातांनी सूत काढले. गिरणीच्या तलम कापडाशी तुलना करत बसले असते, तर चरखा कुणी हाती घेतलाच नसता. त्यांनी आपल्याजवळ काय आहे, तिथून सुरुवात केली.

दुनियेच्या बाबतीत आपल्याहून कमी असलेल्याकडे पाहावे, ही हदीसची शिकवण आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! घरी मात्र विसरलो होतो. कनाअत म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. आहे ते ओळखून कामाला लावणे.

पैसे जागेवर ठेवले. मुलांनी धुऊन इस्त्री केलेले कुर्ते घातले. धाकटा सकाळी थोडा रुसला, पण ईदगाहवर मित्र भेटले आणि कुर्ता विसरला. कपडे कुणी विचारलेही नाहीत. मोठीचा प्रवेश वेळेवर झाला.