खाऱ्या पाण्यातला पंप आणि निकेलचं बीड



बोरीवली तालुक्यात गोराई-मनोरीकडे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. अशा किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. वरचं पाणी भराभर उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि उन्हाळ्यात विहीर मचूळ होते. पिकाला त्याचा त्रास होतोच, पण पंपही त्यातून सुटत नाही.

बीड का सडतं?

साधा पंप बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बिडात सुमारे तीन टक्के कार्बन असतो. त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाच्या रूपात, पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो. खारं पाणी लोखंड विरघळवून नेतं आणि ग्रॅफाइट मागं उरतं. त्यामुळं केसिंग वरून धडधाकट दिसतं, पण चाकूनं खरवडलं की काळा मऊ थर निघतो. असा पंप एखाद्या दिवशी अचानक फुटतो.

पुष्कळदा आपण नुसता पंखा बदलून ब्राँझचा बसवतो. पंखा टिकतो, पण खाऱ्या पाण्यात दोन निराळ्या धातूंची जणू बॅटरी तयार होते आणि बिडाचं केसिंग आणखी लवकर झिजतं.

निकेलचं बीड म्हणजे काय?

या बिडाच्या नेहमीच्या प्रकारात १८ ते २२ टक्के निकेल आणि सुमारे २ टक्के क्रोमियम असतं. लोखंड लालभडक तापलं की त्याच्या अणूंची मांडणी बदलते. या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. साधं लोखंड निवलं की ती मोडते. निकेल मात्र ती थंडपणीही टिकवून धरतं. खाऱ्या पाण्यात हे बीड साध्या बिडापेक्षा पुष्कळ सावकाश झिजतं आणि ब्राँझच्या पंख्याशीही त्याचं बरं जमतं.

ओतताना त्यात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्रॅफाइटचे पापुद्रे न होता गोळ्या होतात. पापुद्रा म्हणजे धातूतली तयार चीरच समजा. गोळीला तशी धार नसते. म्हणून साधं बीड काडकन मोडतं, तर हे तुटण्यापूर्वी निदान ७-८ टक्के ताणलं जातं. दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० न्यूटन ताण ते सोसतं. मात्र निकेल महाग, त्यामुळं हा पंपही महाग पडतो. म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. पाणी आधी तपासा. नमुना उन्हाळ्यात, स्वच्छ बाटलीत घ्या आणि माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. पाणी बारमाही गोडं असेल, तर साधा बिडाचा पंप पुरे. उगाच खर्च करू नका.

२. लोहचुंबक लावून पाहा. साध्या बिडाला तो घट्ट चिकटतो; या निकेलच्या बिडाला जवळजवळ चिकटत नाही. घट्ट चिकटला, तर माल तो नव्हे. पण न चिकटणं हा पुरावा नव्हे, कारण ब्राँझलाही तो चिकटत नाही. म्हणून धातूची प्रत बिलावर लिहून घ्या.

३. पंखा आणि केसिंग दोन्हींचा धातू विचारा. एकच भाग बदलून भागत नाही.

४. पंप बरेच दिवस बंद ठेवायचा असेल, तर मेन स्विच बंद करून आतलं खारं पाणी काढा आणि गोड्या पाण्यानं धुऊन ठेवा.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. पंप टिकला म्हणून पाणी गोडं होत नाही, बरं का! पाण्याची विद्युतवाहकता दर सेंटिमीटरला ३ मिलिमोजच्या वर गेली, तर बहुतेक भाजीपाल्याला ते मानवत नाही. साधा पंप सडून निदान विहीर बिघडल्याचा इशारा देतो. निकेलचा पंप मात्र तक्रार न करता तेच मीठ वाफ्यात ओतत राहील. तेव्हा उपसा थोडा-थोडा, मध्ये विसावा देऊन करा. पावसाचं पाणी गाळून विहिरीत मुरवा. आधी विहीर सांभाळा, मग पंपाचं पाहा.