बहात्तर पटींनी लहान, साडेआठ पटींनी हळू

नागपूरहून सिवनी-लखनादौनमार्गे जबलपूरला जाताना शहर यायच्या आधी बरगी लागतं. या गावाची ओळख नर्मदेवरच्या धरणाची. जवळपास 69 मीटर उंचीची आणि पाच किलोमीटरहून लांब भिंत, तिच्यामागं पंचाहत्तर किलोमीटर पसरलेला राणी अवंतीबाई सागर. जलाशय 1990 मध्ये भरला आणि जबलपूर, मंडला, सिवनी या तीन जिल्ह्यांतल्या 162 गावांना त्याची झळ बसली. कागदावरच्या मापाची जमिनीवर काय किंमत होते, ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. विमानांची प्रमाणबद्ध मॉडेलं बनवण्याच्या छंदाबद्दल लिहिताना या गावाचं नाव घ्यायचं कारण तेच. हा छंद मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतला, काचेच्या कपाटात मांडायचा, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तो बरगीसारख्या ठिकाणी जास्त शोभेल. मोकळं आभाळ हे एक कारण झालंच. पण मोठी वस्तू लहान केली की तिच्यातलं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे हाताला समजावून देणारा इतका स्वस्त दुसरा उद्योग नाही.

मिग-21 चं उदाहरण घ्या. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ही विमानं तयार झाली आणि 26 सप्टेंबर 2025 ला वायुसेनेनं त्यांना निरोप दिला. पंखांचा विस्तार 7.15 मीटर. छंदातलं सर्वांत रुळलेलं प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांना एक इंच. त्या हिशेबानं मॉडेलचा विस्तार दहा सेंटीमीटरला जरासा कमी भरतो. इथवर सोपं आहे. पण पंखांचं क्षेत्रफळ दोन दिशांनी घटतं, म्हणून ते 72 गुणिले 72, म्हणजे 5,184 पटींनी कमी होतं : 23 चौरस मीटरचे 44 चौरस सेंटीमीटर. वजन तिन्ही दिशांनी घटतं. इंधन-शस्त्रं भरलेलं विमान 8,700 किलोच्या घरात धरलं, तर हुबेहूब त्याच प्रमाणातलं मॉडेल अवघं 23 ग्रॅम भरायला हवं. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा भार बहात्तराव्या हिश्श्यावर आला. तरंगत राहायला लागणारा वेग या भाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो आणि 72 चं वर्गमूळ साडेआठ. खरं मिग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं धावपट्टीवर उतरत असेल, तर मॉडेलला ताशी पस्तीस किलोमीटर तरी ठेवावे लागतील. डोळ्याला मात्र वाटत असतं की ते बहात्तर पटींनी हळू, म्हणजे ताशी चार किलोमीटरनं, माणसाच्या चालीनं उतरावं. उडणारं लहान मॉडेल नेहमी घाईत असल्यासारखं दिसतं ते यामुळे. उडवणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

गंमत अशी, की हाच वर्गमुळाचा नियम धरणाच्या सांडव्यालाही लागू पडतो. पुण्याजवळ खडकवासल्याला 1916 साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथं धरणांची, बंदरांची, नद्यांची लहान मॉडेलं बांधून त्यांतून पाणी सोडतात. एकास चौसष्ट प्रमाणाच्या मॉडेलमध्ये पाण्याचा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. घड्याळही तिथं आठ पटींनी भरभर चालतं असं धरावं लागतं. आणि मॉडेलमधून सेकंदाला एक लिटर पाणी गेलं, तर खऱ्या सांडव्यावरून 32,768 लिटर जाणार. बरगीच्या शाळेत अपूर्णांकांच्या पुढं गेलेल्या मुलाला हे आकडे मांडता येतात. मग तो धरणाकडे आणि विमानाकडे एकाच नजरेनं पाहू लागेल. माझ्या लेखी या छंदाची खरी कमाई ती.

हे न उमगल्यानं भले भले फसले आहेत. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँगली यांचं चार मीटरच्या आसपास पंख असलेलं, वाफेवर चालणारं बिनमाणसाचं विमान 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडालं. त्या काळाच्या मानानं हा पराक्रमच होता. पुढे त्याच घडणीचं माणूस नेणारं मोठं विमान सरकारी पैशातून तयार झालं आणि 1903 मध्ये ते दोनदा, 7 ऑक्टोबरला व 8 डिसेंबरला, नदीत कोसळलं. लँगलींनी दोष विमान हवेत सोडणाऱ्या यंत्रणेला दिला. पुढच्या अभियंत्यांनी सांगाड्याच्या कमकुवतपणाकडेही बोट दाखवलं आणि मला ते पटतं. लांबी चौपट केली की वजन चौसष्ट पटींनी वाढतं, काठीच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र सोळा पटींनीच. दुसऱ्या अपयशानंतर नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. त्यांनीही लहान वस्तूंवरच अभ्यास केला होता. 1901 मध्ये हवेच्या बोगद्यात सुमारे दोनशे छोटे पंख तपासून त्यांनी आकडे काढले. फरक एवढाच, की त्यांनी मॉडेलकडून मापं घेतली, लँगलींनी आकार घेतला.

आपल्याकडे या विषयात शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघणारच. 1895 साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, अशी कथा मराठी घरांत आवडीनं सांगितली जाते. 2015 मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही आला. या कथेची एकतर आरती ओवाळतात, नाहीतर टर उडवतात. दोन्हींपेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा : ते मॉडेल पुन्हा बनवता येईल असं माप, वजन, आराखडा काही मागं राहिलं का? तसं काही हाती नाही. उलट आल्फाँस पेनोचं रबराच्या पिळावर चालणारं खेळणं पाहा. 18 ऑगस्ट 1871 रोजी ते पॅरिसच्या बागेत अकरा सेकंदांत चाळीस मीटर गेलं आणि आज दीडशे वर्षांनी ते कुणीही घरी बनवून उडवू शकतो. तळपद्यांच्या बाजूनं बोलणारे म्हणतील, इंग्रजांच्या राज्यात कागद नाहीसे झाले, त्यात त्यांचा काय दोष? कागद नाहीसे होऊ शकतात, मान्य. पण त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथातल्या विमानांची वर्णनं आणि चित्रं उपलब्ध आहेत, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्ये ती तपासली. त्यातलं एकही यंत्र उडण्याजोगं नाही आणि ग्रंथही 1904 च्या आधीचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्याला तो खोडायचा असेल त्यानं एकास दहाचं मॉडेल करून उडवून दाखवावं. वादात पडण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. तळपदे धडपडे होते, हे एवढ्यानं खोटं ठरत नाही; धडपडीची नोंद ठेवली नाही की पुढच्याच्या हाती गोष्ट उरते, विमान उरत नाही.

आता न उडणाऱ्या, प्लास्टिकच्या मॉडेलांबद्दल. एअरफिक्सचं एकास बहात्तरचं स्पिटफायर 1953 मध्ये ब्रिटनच्या वूलवर्थ दुकानांत दोन शिलिंगांना मिळू लागलं आणि हा छंद घरोघर पोचला. पुढं याच कंपनीच्या कित्येक खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असे. सुटे भाग चिकटवणं म्हणजे बनवणं नव्हे, असा टोमणा उडवणारी मंडळी मारतात. मला तो अर्धाच पटतो. सांधा घासून नाहीसा करणं, पॅनेलच्या रेघा रंगाखाली बुजू न देणं, लहान वस्तूवर रंग मुद्दाम थोडा फिका ठेवणं, यानं नजर तयार होते. अमेरिकी नौदलानं 1942 मध्ये शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं मागवली ती याच नजरेसाठी : सैनिकांना आपलं आणि शत्रूचं विमान आकृतीवरून ओळखता यावं म्हणून. तरीही प्लास्टिकचं मॉडेल चुकलेल्याला शिक्षा करत नाही. शेपटी दोन मिलिमीटर वाकडी बसली तर कपाटात ते खपून जातं. हवेत खपत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप ड्रोनचा आहे. आज दहावीतला मुलगा ड्रोन उडवायला शिकला तर शेतीच्या फवारणीपासून जमीनमोजणीपर्यंत काम मिळवू शकेल. त्याला कामट्यांची विमानं कशाला? रोजगाराचा मुद्दा खरा आहे. पण चार पंख्यांचा ड्रोन स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो. आतली चिप सेकंदाला शेकडो वेळा चूक दुरुस्त करते आणि उडवणाऱ्याला चूक झाल्याचं कळतही नाही. पंखावर तरंगणारं साधं ग्लायडर चूक लपवत नाही. नाक वर करून थबकलं, मग खाली पडलं, पुन्हा वर गेलं, तर शेपूट जड आहे. सरळ जमिनीत घुसलं तर नाक जड आहे. एकाच बाजूला वळतंय तर त्या बाजूचा पंख वाफेवर धरून पीळ काढायचा. तोल साधारण पंखाच्या रुंदीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ हवा. तो येईपर्यंत नाकाला मातीची गोळी लावायची, चिमूटभर काढायची, पुन्हा फेकायचं. हे शिकलेला मुलगा ड्रोनवाल्याकडे नोकरीला गेला, तर ड्रोन बिघडल्यावरही कामाचा राहील. कायद्याचा अडसरही वाटतो तेवढा नाही. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या, पंचवीस किलोपर्यंतच्या रिमोट मॉडेलांचा वेगळा वर्ग आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. मात्र हिरवा, पिवळा, लाल विभाग कुठं आहे ते सरकारी नकाशावर पाहूनच रिमोटचं विमान उडवायचं. हातानं फेकायच्या किंवा रबरावरच्या विमानाला रिमोटच नसतो, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर परदेशी बाल्सा लाकूड आणि इंधन पिणारी इंजिनं महाग आहेत, यात शंका नाही. एनसीसीच्या वायू शाखेत एरोमॉडेलिंग प्रशिक्षणातच असल्यानं तिथल्या कॅडेटला ती हाताळायला मिळतात. बाकीच्यांना त्यांची गरजही नाही. पतंगाचा कागद, तासून सारख्या केलेल्या बांबूच्या कामट्या, पॅकिंगचं थर्माकोल आणि खळ एवढ्यावर चांगलं ग्लायडर होतं. (बाशिंगाला लागणारं भेंड बाल्सासारखंच हलकं, कुणी त्याचे पंख करून पाहायला हरकत नाही.) फेविकॉल ओतू नका, वाळलेला गोंद म्हणजे निव्वळ वजन. पंख जाड आणि गुबगुबीतही करू नका. दहा सेंटीमीटरच्या मिगसाठी हवा खऱ्या मिगच्या तुलनेत सहाशे पटींनी चिकट असल्यासारखी वागते, आणि अशा हवेत किंचित बाक दिलेला पातळ पत्रा भरीव सुबक पंखाला मागं टाकतो. काटकसर इथं कमीपणाची गोष्ट मुळीच नाही. बंद सभागृहात उडवायच्या जागतिक स्पर्धांच्या एफवनडी गटात पंखांचा विस्तार 55 सेंटीमीटर असतो आणि रबर सोडून विमानाचं वजन दीड ग्रॅमच्या आसपास. अशी विमानं वीस मिनिटांच्या पुढं हवेत राहतात.

बरगीत कुणी शिक्षकानं हे मनावर घेतलं, तर दोन पथ्यं पाळावीत. उड्डाण सकाळी, ऊन चढायच्या आत करावं. जमीन तापली की वर जाणारे झोत लहान विमानाला कुठल्या कुठं नेतात. आणि जागा जलाशयापासून, कालव्यांपासून, वीजवाहिन्यांपासून दूर असावी, कारण पाण्यात पडलेल्या विमानामागं मूल धावतंच. पहिला प्रयोगही शिक्षकांना सुचवून ठेवतो. थर्माकोलची दोन ग्लायडरं करायची, दुसऱ्याची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही पहिल्याच्या बरोबर दुप्पट. उडवण्याआधी ती किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवावीत आणि कितीपट वजन भरेल, ते वर्गानं आधीच वहीत लिहून ठेवावं.