मिक्स रेकॉर्ड करताय? आधी लेव्हल खाली आणा!

मित्रांनो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. तसा लेखाचा विषयही माझी एक चूकच आहे.

गेल्या वर्षी फायनल इयरच्या सेंड-ऑफला माझ्या रूम पार्टनरने चाळीस मिनिटं लाइव्ह मिक्स वाजवला. होस्टेलमधली त्याची शेवटची रात्र. रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे. मी मिक्सरची वायर लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या जॅकमध्ये खुपसली, लेव्हल फुल केली आणि नाचायला गेलो. सकाळी ऐकतो तर काय, प्रत्येक ठेक्याला पत्रा वाजल्यासारखा आवाज! पार वाट लागली होती. पार्टनर आता नोकरीला लागलाय. ती रात्र काही परत वाजणार नाही.

नेमकं झालं काय? कॉम्प्युटर आवाज मोजून साठवतो. सीडीच्या दर्जाला सेकंदाला 44,100 वेळा, आणि प्रत्येक मोजमाप 16 बिटचं, म्हणजे 65,536 पायऱ्यांपैकी एक. सगळ्यात वरची पायरी 0 डेसिबल. त्याच्या वर जागाच नाही. आवाज त्याहून मोठा आला की लाटेचा शेंडा सपाट कापला जातो. याला म्हणतात क्लिपिंग. कापलेला शेंडा फाइलमध्ये नसतोच, मग नंतर आवाज कमी करून काय उपयोग? मेसच्या आमटीसारखंच आहे हे. मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त पडलं तर काढता येत नाही.

त्यातून तो जॅक माइकच्या बारीक सिग्नलसाठी असतो. मिक्सरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये तो मोनो, म्हणजे स्टिरिओ गेलंच.

म्हणून मिक्सरच्या रेकॉर्ड-आउटमधून वायर काढा आणि डेस्कटॉपच्या निळ्या लाइन-इनला किंवा यूएसबी ऑडिओ इंटरफेसला जोडा. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी पुरे. 2000 साली आलं आणि आजही फुकट आहे. सगळ्यात जोरदार गाणं लावून बघा, मीटर उणे 12 ते उणे 6 च्या मध्ये राहायला हवा. अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच सुरुवात. स्टिरिओला मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात, डिस्कवर जागा ठेवा.

एडिटिंग करताना बीट मोजून कापा. 128 बीपीएमच्या गाण्यात 32 बीट बरोबर 15 सेकंदांत बसतात. एवढा तुकडा काढला तर ठेका मोडत नाही. कापताना लाट शून्यावर असू द्या, नाहीतर जोडावर ‘टक’ ऐकू येतं. ऑडॅसिटीत तुकडा सिलेक्ट करून झेड दाबलं की टोकं जवळच्या शून्यावर सरकतात. शेवटी नॉर्मलाइज करून उणे 1 वर आणा. मूळ वेव्ह फाइल जपून ठेवा, वाटायला एमपीथ्री करा.

ती फाटकी फाइल मी अजून डिलीट केलेली नाही. यंदाच्या सेंड-ऑफचं रेकॉर्डिंगही माझ्याकडेच आहे. या वेळी नाचायला जरा उशिरा येईन.